तिसऱ्या दशांश स्थळावरची भानगड

भौतिकशास्त्राच्या शालेय पुस्तकात अपवर्तनांकांचा एक तक्ता हमखास असतो. पाणी १.३३, काच १.५, हिरा २.४२. मुलं तो पाठ करतात, परीक्षेत त्यावरची गणितं सोडवतात आणि पुढे आयुष्यभर समजतात की प्रत्येक पारदर्शक पदार्थाला त्याचा एक ठरलेला अपवर्तनांक असतो. तक्त्यातला आकडा खोटा नसतो, पण तो एकाच रंगाचा असतो. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश, तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर, एवढ्यापुरताच तो खरा. ही अट बहुतेक पुस्तकं तळटीपेतसुद्धा सांगत नाहीत.

दुर्बिणी आणि कॅमेऱ्यांसाठी सर्रास वापरली जाणारी बीके-७ नावाची काच घेऊ. ६५६ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशासाठी तिचा अपवर्तनांक १.५१४३ भरतो. पिवळ्यासाठी तो १.५१६८ होतो, ४८६ नॅनोमीटरच्या निळ्यासाठी १.५२२४, आणि ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्यासाठी १.५३०२. लालच्याही पलीकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत, १०६० नॅनोमीटरला तो १.५०६७ इतका खाली उतरलेला असतो. तरंगलांबी आखूड होत जाते तसा आकडा चढत जातो, आणि हा चढ सरळ नाही. लालकडून पिवळ्याकडे येताना वाढ जेमतेम ०.००२५, तर निळ्याकडून जांभळ्याकडे जाताना तिच्या तिप्पट.

अपवर्तनांक म्हणजे प्रकाशाचा निर्वात पोकळीतला वेग त्या पदार्थातल्या वेगाच्या किती पट, तो आकडा. पोकळीत सगळे रंग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर या एकाच वेगाने धावतात. काचेत शिरले की ही एकी संपते. सगळेच मंदावतात, पण जांभळा लालपेक्षा थोडा जास्त मंदावतो आणि म्हणून थोडा जास्त वळतो. रंगांच्या या फाटाफुटीला अपस्करण म्हणतात. इंद्रधनुष्य त्यातूनच उमटतं: पाण्याचा अपवर्तनांक लालसाठी सुमारे १.३३१ आणि जांभळ्यासाठी सुमारे १.३४३, म्हणून लाल पट्टा सुमारे ४२ अंशांवर पडतो आणि जांभळा ४० च्या आसपास. आकाशातली ती रंगीत कमान या ०.०१२ वर उभी आहे.

बीके-७ मध्ये लाल आणि निळ्यातला फरक फक्त ०.००८ आहे. तिसऱ्या दशांश स्थळावरचा हा आकडा पाहून कुणालाही वाटेल, याला कशाला एवढं महत्त्व? दुर्बीण बनवणाऱ्याला विचारा. या काचेचं एक मीटर नाभीय अंतराचं साधं बहिर्गोल भिंग घेतलं, तर निळा प्रकाश जिथे एकवटतो तिथून लाल प्रकाश सुमारे १५ मिलिमीटर पुढे जाऊन एकवटतो. दीड सेंटिमीटर! निळा स्पष्ट करावा तर लाल पसरतो, लाल नीट बसवावा तर ताऱ्याभोवती निळं-जांभळं प्रभामंडळ उभं राहतं. हा भिंगाचा वर्णदोष. सतराव्या शतकातल्या खगोलविदांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे दुर्बीण लांब करत न्यायची. भिंगाची वक्रता जितकी कमी, तितका हा दोष कमी डोळ्यांत भरतो. डान्झिगच्या हेवेलियसने १५० फूट लांबीची दुर्बीण उभारली होती. खांबाला दोरखंडांनी टांगलेली ती वस्तू जरा वारा सुटला की हलायची. तिच्यातून किती दिसलं असेल याची कल्पना केलेली बरी.

१६६६ मध्ये न्यूटनने लोलक हाती घेतला ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पांढरा प्रकाश अनेक रंगांचा बनलेला आहे, आणि प्रत्येक रंग स्वतःच्या ठरलेल्या प्रमाणात वळतो, हे त्याने दाखवलं. त्याच न्यूटनने पुढे जी चूक केली, ती मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, आणि मला ती त्याच्या यशाइतकीच रंजक वाटते. त्याने असं धरलं की पदार्थ कोणताही असो, प्रकाश जितका वळेल तितक्याच प्रमाणात रंग फाकतील. म्हणजे पाणी असो की काच, वळण आणि रंगांची फाकणी यांचं गुणोत्तर कायम. हे खरं मानलं तर भिंगांचा वर्णदोष कधीच घालवता येणार नाही, कारण दुसऱ्या भिंगाने रंग परत जुळवायला जावं तर पहिल्याने दिलेलं वळणही पुसलं जाईल. म्हणून त्याने भिंग सोडून आरसा धरला. आरशावरचं परावर्तन रंग पाहत नाही. १६६८ मध्ये त्याने आरशाची दुर्बीण बनवली. आज जगातल्या सगळ्या मोठ्या दुर्बिणी आरशाच्याच आहेत. म्हणजे चुकीच्या कारणाने का होईना, रस्ता उत्तम निवडला गेला.

चूक झाली कशी? ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात न्यूटन पाण्याच्या आणि काचेच्या लोलकांच्या प्रयोगाबद्दल लिहितो, आणि एका ठिकाणी सांगतो की अपवर्तन वाढवण्यासाठी तो पाण्यात कधीकधी शिशाचा क्षार मिसळी. शिसं रंगांची फाकणी भलतीच वाढवतं. त्यामुळे त्याच्या पाण्याचं वागणं काचेच्या जवळ गेलं असावं आणि त्याची दिशाभूल झाली असावी, असा तर्क पुढे अनेकांनी मांडला. हे शिसं पुढेही आपल्याला भेटणार आहे.

काच रंगारंगांत भेदभाव का करते, हे न्यूटनला कळणं शक्य नव्हतं. त्यासाठी प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे आणि अणूंत इलेक्ट्रॉन असतात, या दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. दृश्य प्रकाशाचं विद्युतक्षेत्र सेकंदाला ४०० ते ७५० लाख कोटी वेळा मागेपुढे होतं. ते काचेतल्या इलेक्ट्रॉनांना हलवतं. हलणारा इलेक्ट्रॉन स्वतःही त्याच वारंवारतेच्या लहरी सोडतो, पण जरा मागाहून. मूळची लहर आणि या असंख्य मागाहून आलेल्या लहरी यांची बेरीज होते, आणि तयार झालेल्या लहरीचे उंचवटे सावकाश सरकताना दिसतात. प्रकाश ‘मंदावतो’ म्हणतात तो असा. अणूंना धडका देत तो अडखळत जातो, अशी जी चित्रं काढतात ती दिशाभूल करणारी आहेत.

आता रंगाचा संबंध. अणूला बांधलेल्या इलेक्ट्रॉनची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते, जशी झोपाळ्याची असते. झोपाळ्याला त्याच्या लयीपेक्षा फार सावकाश ढकललं तर तो थोडासाच हलतो. ढकलण्याची लय त्याच्या लयीच्या जवळ नेत गेलं की झोका वाढत जातो. काचेतल्या इलेक्ट्रॉनांची लय दृश्य प्रकाशापेक्षा बरीच जलद, खोल अतिनील भागात असते. लाल प्रकाश तिच्यापासून लांब, जांभळा त्यामानाने जवळ. म्हणून जांभळ्याला इलेक्ट्रॉन जास्त प्रतिसाद देतात, मागाहून येणाऱ्या लहरी जोरकस होतात आणि अपवर्तनांक चढतो. जितकं अतिनीलच्या जवळ, तितका चढ तीव्र. बीके-७ च्या आकड्यांत निळा-जांभळा भाग अचानक उभा का होतो, त्याचं कारण हे. फ्रेंच गणिती कोशीने १८३०च्या दशकात यासाठी सुटसुटीत सूत्र दिलं होतं: एक स्थिर आकडा, अधिक दुसरा आकडा भागिले तरंगलांबीचा वर्ग. दृश्य प्रकाशापुरतं ते आजही कामचलाऊ आहे. पण ते आकडे जुळवतं, कारण सांगत नाही.

कोशीचं सूत्र किती तोकडं आहे, हे १८६२ मध्ये उघड झालं. ल रू नावाच्या फ्रेंच संशोधकाने लोलकात काचेऐवजी आयोडिनची वाफ भरली, आणि त्यात लाल प्रकाश निळ्यापेक्षा जास्त वळला. सगळंच उलटं. १८७० मध्ये कोपनहेगनच्या क्रिस्टियानसेनने फुक्सिन या झगझगीत किरमिजी रंगाचं अल्कोहोलमधलं द्रावण पोकळ लोलकात घेतलं. त्याच्या वर्णपंक्तीत जांभळा सर्वांत कमी वळलेला, त्यानंतर लाल, आणि सर्वांत जास्त वळलेला पिवळा. मधला हिरवा गायब, कारण फुक्सिन हिरवा प्रकाश गिळतं. जर्मनीतल्या कुंट्टने असे अनेक रंगद्रव्यांचे नमुने तपासून नियम शोधला: पदार्थ ज्या रंगाचा प्रकाश शोषतो, त्याच्या आसपास अपवर्तनांक वेडावाकडा होतो. शोषणपट्ट्याच्या लांब तरंगलांबीच्या बाजूला तो फुगतो, आखूड बाजूला पडतो, आणि पट्ट्याच्या पोटात तरंगलांबीबरोबर चक्क वाढत जातो.

याला ‘असाधारण अपस्करण’ असं नाव पडलं, आणि ते नाव चुकीचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. झेलमायर या संशोधकाने १८७१-७२ मध्ये जे गणित मांडलं, त्यात नैसर्गिक वारंवारता गाठली की हे असंच व्हायला हवं असं निघतं. प्रत्येक पदार्थ कुठे ना कुठे प्रकाश शोषतोच. काचही अतिनीलमध्ये काळीकुट्ट असते, आणि अवरक्तमध्ये नऊ-दहा हजार नॅनोमीटरच्या आसपास सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या बंधांच्या कंपनामुळे पुन्हा अपारदर्शक होते. म्हणजे ‘असाधारण’ वागणूक प्रत्येकात आहेच, फक्त आपले डोळे ज्या चिंचोळ्या फटीतून पाहतात तिथे काच योगायोगाने शहाण्यासारखी वागते. अतिनीलच्याही पलीकडे क्ष-किरणांत तर काचेचा अपवर्तनांक एकाहून किंचित कमी होतो. झेलमायरची पद्धत आज काचेचा प्रत्येक कारखाना वापरतो. प्रत्येक काचेसाठी सहा स्थिरांक छापले जातात, आणि त्यांवरून, काच जिथे पारदर्शक असते तिथल्या कुठल्याही तरंगलांबीचा अपवर्तनांक पाचव्या दशांशापर्यंत काढता येतो.

पण हे सगळं फार पुढचं. न्यूटनच्या निकालाला पहिला धक्का एका वकिलाने दिला. चेस्टर मूर हॉल हा एसेक्सचा बॅरिस्टर, हौशी माणूस. १७३० च्या सुमारास त्याच्या लक्षात आलं की इंग्लंडमध्ये मिळणाऱ्या दोन काचा सारख्या वागत नाहीत. एक खिडक्यांना लागणारी साधी क्राऊन काच. दुसरी फ्लिंट, म्हणजे शिशाची काच, जिचं पेटंट जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ मध्ये घेतलं होतं आणि जिचे पेले नि झुंबरं श्रीमंतांच्या घरी चमकत होती. फ्लिंट प्रकाशाला क्राऊनपेक्षा थोडंसंच जास्त वळवते, पण रंग जवळपास दुपटीने फाकवते. न्यूटनचं ‘कायम गुणोत्तर’ इथे कोसळलं.

त्याचा उपयोग आकड्यांत पाहण्यासारखा आहे. फाकणी मोजण्यासाठी काचेचा एक क्रमांक काढतात: पिवळ्यासाठीच्या अपवर्तनांकातून एक वजा करायचा आणि निळ्या-लालच्या फरकाने भागायचं. हा ॲबे क्रमांक. तो जितका मोठा, तितके रंग कमी फाकतात. बीके-७ ही क्राऊन काच, तिचा क्रमांक ६४. एफ-२ ही फ्लिंट काच, तिचा ३६. आता एक डायॉप्टर ताकदीचं, म्हणजे एक मीटर नाभीय अंतराचं, भिंग हवं असेल, तर २.३१ डायॉप्टरचं बहिर्गोल भिंग क्राऊनचं घ्या आणि त्याला १.३१ डायॉप्टरचं अंतर्गोल भिंग फ्लिंटचं चिकटवा. ताकद उरते एक. रंगांचं काय? २.३१ भागिले ६४ म्हणजे ०.०३६, आणि १.३१ भागिले ३६ म्हणजेही ०.०३६. एकाने फाकवलेलं दुसऱ्याने तंतोतंत मिटवलं, आणि वळण मात्र शिल्लक राहिलं. न्यूटनने अशक्य ठरवलेली गोष्ट एका भागाकारात बसते.

हॉलला हे गुपित फुटू द्यायचं नव्हतं. म्हणून त्याने एक भिंग एका चष्मेवाल्याकडे घासायला दिलं आणि दुसरं दुसऱ्याकडे. दोघांच्याही हाती कामाचा ढीग होता. दोघांनीही ते काम बाहेर दिलं, आणि नेमकं एकाच कारागिराला, जॉर्ज बासला. बासने दोन्ही भिंगं पाहिली, ती एकमेकांत चपखल बसतात आणि गिऱ्हाईकही एकच आहे हे ओळखलं, एकत्र धरून पाहिली, आणि त्याला रंगहीन प्रतिमा दिसली. गुपित राखायची खबरदारीच गुपित फोडून गेली.

तरीही बरीच वर्षं फार काही घडलं नाही. मग १७४७ मध्ये महान गणिती ऑयलरने लिहिलं की वर्णदोष नसलेलं भिंग शक्य असलंच पाहिजे, कारण माणसाच्या डोळ्यात तो दोष नाही. गंमत अशी की डोळ्यात तो दोष भरपूर आहे. जांभळ्यापासून लालपर्यंत आपल्या डोळ्याची ताकद सुमारे दोन डायॉप्टरने बदलते आणि मेंदू ते सावरून घेतो. पुरावा चुकीचा, निष्कर्ष बरोबर. ऑयलरला विरोध करायला पुढे आला जॉन डॉलंड, रेशीम विणण्याच्या धंद्यातून मुलाच्या चष्म्याच्या दुकानात आलेला गृहस्थ. त्याने न्यूटनचा हवाला दिला. पण स्वीडनच्या क्लिंगेनस्टिएर्नाने १७५४ मध्ये न्यूटनचा नियम भूमितीतच टिकत नाही हे दाखवल्यावर डॉलंडने स्वतः पाणी आणि काचेचे लोलक घेऊन मोजमापं केली, आणि आपलं म्हणणं मागे घेतलं. १७५८ मध्ये त्याने पेटंट घेतलं, रॉयल सोसायटीने त्याला त्याच वर्षी कॉप्ली पदक दिलं. त्याच्या मृत्यूनंतर मुलगा पीटर याने पेटंट मोडणाऱ्यांवर खटले भरले. लंडनच्या चष्मेवाल्यांनी हॉलचं नाव पुढे केलं, आणि हॉल तेव्हा जिवंत होता. न्यायालयाने तरीही निकाल डॉलंडच्या बाजूने दिला: शोध कपाटात ठेवणाऱ्याला नव्हे, तो लोकांपुढे आणणाऱ्याला फळ मिळावं. वकिलानेच पेटंट घ्यायचं टाळलं आणि विणकराने घेतलं, ही या कथेतली सगळ्यात बोचरी गोष्ट.

अडचण राहिली ती काचेची. फ्लिंटच्या वितळलेल्या रसात जड शिसं तळाशी बसे, थर पडत, आणि तळहाताहून मोठा निर्दोष तुकडा मिळणं मुश्कील. घड्याळांच्या पेट्या आणि घंटा बनवणाऱ्या ग्विनां नावाच्या स्विस माणसाने वर्षानुवर्षं खटपट करून उपाय शोधला: वितळलेली काच भाजक्या मातीच्या दांड्याने ढवळत राहायची. इतकंच. पण तोवर ते कुणालाच जमलं नव्हतं. ग्विनांला बव्हेरियातल्या बेनेडिक्टबॉयर्नच्या काचकारखान्यात नेलं गेलं, आणि तिथे त्याच्या हाताखाली आला योझेफ फ्राउनहोफर, लहानपणीच पोरका झालेला, १८०१ मध्ये म्युनिकमध्ये घर कोसळून ढिगाऱ्याखाली सापडलेला आणि जिवंत निघालेला मुलगा.

फ्राउनहोफरला एक अगदी व्यवहारी प्रश्न पडला होता. काचेचा अपवर्तनांक ‘पिवळ्यासाठी’ मोजायचा म्हणजे नेमका कुठल्या पिवळ्यासाठी? वर्णपंक्तीत पिवळा हा पट्टा आहे, खूण नव्हे. एकाने पट्ट्याच्या या टोकाला मोजलं, दुसऱ्याने त्या टोकाला, तर तिसऱ्या दशांशाचा भरवसा काय? १८१४ मध्ये सूर्यप्रकाशाची वर्णपंक्ती दुर्बिणीतून पाहताना त्याला तिच्यात शेकडो बारीक काळ्या रेषा दिसल्या, नेहमी त्याच जागी. त्याने त्यांचा नकाशा काढला, ठळक रेषांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिली, आणि काचेचे अपवर्तनांक त्या रेषांवर मोजायला सुरुवात केली. त्यांतल्या बहुतेक रेषा म्हणजे सूर्यावरच्या मूलद्रव्यांच्या सह्या आहेत, हे नंतर उलगडलं आणि त्यातून खगोलभौतिकी जन्मली. फ्राउनहोफरला मात्र त्या मोजपट्टीवरच्या खुणा म्हणून हव्या होत्या. वर दिलेले बीके-७ चे लाल आणि निळे आकडे आजही त्याच्या सी आणि एफ रेषांचे आहेत. दोन्ही हायड्रोजनच्या.

पिवळ्याची खूण मात्र आता बदलली आहे, आणि इथे कोकणातल्या एका लाडक्या दंतकथेला हात घालावा लागतो. काचेच्या आजच्या याद्यांत पिवळा आकडा सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरऐवजी ५८७.६ नॅनोमीटरच्या रेषेसाठी दिलेला असतो. ती रेषा हेलियमची. दोन आकड्यांतला फरक पाचव्या दशांशात असतो, बीके-७ साठी १.५१६७३ आणि १.५१६८०. हेलियमचा शोध १८६८ मध्ये इंग्रज खगोलविद लॉकयरने विजयदुर्गावरून लावला, असं आपल्याकडे भाषणांतून आणि पर्यटनाच्या फलकांवरून सांगितलं जातं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात भारतातून निरीक्षणं झाली हे खरं. फ्रेंच खगोलविद यान्सन गुंटूरला होता. पण लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होता, आणि ती पिवळी रेषा त्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवाय, तिथूनच अभ्यासली. विजयदुर्गावर तो आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, आणि आपल्याबरोबर त्याने भिंगापुढे लोलक बसवलेले कॅमेरे आणले होते. लोलकाने सूर्यकोरीची प्रत्येक रंगात वेगळी प्रतिमा उमटत होती. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला वर्णपटदर्शक घेऊन बसले होते. विजयदुर्गाचं खरं वैभव दंतकथेवाचून काही कमी होत नाही, आणि जेऊरची आठवण तर कुणीच काढत नाही.

डॉलंडच्या जोडभिंगाने लाल आणि निळा एकत्र आणले, पण मधला हिरवा थोडा सुटाच राहिला. कारण दोन काचांचे चढ सारख्या आकाराचे नसतात. त्यावर उपाय करायचा तर नव्या काचा हव्या होत्या. सूक्ष्मदर्शकं बनवणाऱ्या येना शहरात एर्न्स्ट ॲबेने ही तक्रार उघडपणे मांडली, आणि रसायनज्ञ ओटो शॉटने बोरॉन, बेरियम, फॉस्फरस असे पदार्थ घालून पाहायला सुरुवात केली. १८८४ मध्ये त्यांचा कारखाना निघाला. क्राऊन आणि फ्लिंट या दोनच जातींच्या जागी काचांचा मोठा नकाशा तयार झाला, आडव्या अक्षावर ॲबे क्रमांक, उभ्या अक्षावर अपवर्तनांक. भिंगाची रचना करणारा आजही त्या नकाशावर बोट ठेवून काच निवडतो. फरक इतकाच की पर्यावरणाच्या कारणाने शिसं आता बहुतेक काचांतून गेलं आहे आणि त्याची जागा टायटॅनियम-नायोबियमने घेतली आहे.

फाकणीचा हा आकडा सराफाच्या दुकानातही बोलतो. हिऱ्यातून निघणाऱ्या रंगीत ठिणग्या अपस्करणाच्याच. रत्नपारखी बी आणि जी या फ्राउनहोफर रेषांमधला अपवर्तनांकाचा फरक धरतात, आणि हिऱ्याचा तो ०.०४४ आहे. आपण ज्याला अमेरिकन डायमंड म्हणतो, तो क्युबिक झिर्कोनिया. त्याचा फरक ०.०६० च्या आसपास, मॉयसनाइटचा ०.१०४. म्हणजे नकली खडे हिऱ्यापेक्षा जास्त रंग उधळतात. एखादा खडा दिव्याखाली इंद्रधनुष्यासारखा लखलखत असेल, तर भारावून जाण्याआधी थोडा संशय घेतलेला बरा.

ऑप्टिकल फायबरमध्ये तर या फरकाचा हिशेब पैशांत होतो. फायबरमधून जाणारा प्रत्येक स्पंद अनेक तरंगलांब्यांचा बनलेला असतो, आणि त्या वेगवेगळ्या वेगाने गेल्या की स्पंद पसरतो. १५५० नॅनोमीटरला, जिथे काच सर्वांत पारदर्शक असते, नेहमीच्या फायबरमध्ये हा पसारा दर किलोमीटरला, दर नॅनोमीटर रुंदीला सुमारे १७ पिकोसेकंद असतो. शंभर किलोमीटरवर एक नॅनोमीटर रुंदीचा स्पंद १७०० पिकोसेकंद पसरेल. सेकंदाला दहा अब्ज बिट पाठवायचे तर एका बिटच्या वाट्याला फक्त १०० पिकोसेकंद येतात. म्हणून सुरुवातीला १३१० नॅनोमीटरला पसंती मिळाली, जिथे पसारा शून्याजवळ असतो. पुढे १५५० लाच शून्य पसारा असलेलं खास फायबर बनवलं गेलं, आणि ते अंगाशी आलं: एका फायबरमध्ये अनेक रंग एकदम पाठवू लागल्यावर सगळे एकाच वेगाने बरोबर धावत असल्याने एकमेकांत मिसळून गोंधळ घालू लागले. म्हणजे थोडं अपस्करण हवंच. आता मुंबईच्या किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्राखालच्या नव्या केबलींमध्ये पसारा होऊ देतात आणि टोकाला संगणकीय गणिताने तो निस्तरतात.

इतकं सगळं वाचून ज्यांना घरात पडताळा घ्यायचा आहे, त्यांनी चष्मा घालावा. विशेषतः उणे पाच-सहा नंबर असलेल्यांनी. नंबर मोठा असला की दुकानात हमखास सांगतात, ‘पातळ काच घ्या.’ पातळ म्हणजे जास्त अपवर्तनांकाची: साध्या सीआर-३९ प्लॅस्टिकचा १.४९८, पॉलीकार्बोनेटचा १.५८६, ‘हाय इंडेक्स’चा १.६७ किंवा १.७४. हा पहिला आकडा मोठ्या अक्षरांत सांगितला जातो. दुसरा कुणी काढत नाही. सीआर-३९ चा ॲबे क्रमांक ५८, पॉलीकार्बोनेटचा ३०, १.६७ आणि १.७४ वाल्यांचा ३२-३३. हनुवटी खाली झुकवा आणि चष्म्याच्या वरच्या कडेजवळून भिंतीवरच्या आडव्या ट्यूबलाइटकडे पाहा. तिच्या एका काठाला निळसर, दुसऱ्या काठाला तांबूस-पिवळी रेघ दिसेल. उणे सहाच्या पॉलीकार्बोनेटमधून, भिंगाच्या मध्यापासून दीड सेंटिमीटर वर, चार मीटरवरच्या ट्यूबची लाल आणि निळी प्रतिमा सुमारे १२ मिलिमीटरने सरकलेली असते. सीआर-३९ मधून सहा.

पॉलीकार्बोनेट वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ते सहजी फुटत नाही, आणि लहान मुलांसाठी किंवा कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी तेच योग्य. मोठ्या नंबरला पातळ भिंग नाकावर हलकंही बसतं. पण गाडी चालवताना, रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांच्या कडा रंगीत दिसत असतील, पुस्तकाच्या ओळीच्या टोकाशी अक्षरं पसरत असतील, तर दोष नेहमी नंबराचाच असेल असं नाही. पुढच्या वेळी चष्मा बनवायला टाकाल तेव्हा इंडेक्स किती हे विचारून झाल्यावर ‘ॲबे व्हॅल्यू किती?’ हेही विचारा. ती चाळीसच्या वरची मिळत असेल आणि जाडी चालणार असेल, तर तीच घ्या.